नदीकाठचं घर, नोटीस आणि कोर्ट: बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली वीस वर्षं मी बेळगावात कन्नड कागद मराठीत आणि मराठी कागद कन्नडमध्ये करून देतो. २०१९ च्या पुरानंतर माझ्याकडे एका प्रकारच्या नोटिसा जास्त येऊ लागल्या: नदीकाठचं किंवा नाल्याकाठचं बांधकाम काढून घ्या, नाहीतर आम्ही काढू. मार्कंडेय असो, मलप्रभा असो, हिरण्यकेशी, वेदगंगा, दूधगंगा की कृष्णा, माणसं वेगळी असतात आणि प्रश्न तेच. ते प्रश्न आणि मला कळलेली उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. हे वाचून वकील टळणार नाही, पण वकिलाकडे रिकाम्या हाताने जावं लागणार नाही.

नोटीस आली आहे. पहिल्यांदा काय करू?

दारावर चिकटवलेली असेल तर फाडून काढण्याआधी फोटो घ्या, दार आणि नोटीस दोन्ही दिसतील असा. पोस्टाने आली असेल तर पाकीट टाकू नका, त्यावरच्या शिक्क्याची तारीख पुढे मोलाची ठरते. मग तीन गोष्टी शोधा: सही कोणाची, सर्व्हे नंबर कोणता आणि कलम कोणतं.

कलम पाहिलं की वाट कळते. कर्नाटक भू-महसूल कायदा १९६४ चं कलम ९४ किंवा १०४ असेल तर तुम्ही सरकारी जमिनीवर आहात असं तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी म्हणत आहेत. १९२-अ असेल तर प्रकरण फौजदारीकडे झुकतं, त्यात तुरुंगाची तरतूद आहे. बेळगाव शहरात १९७६ च्या महानगरपालिका कायद्याचं कलम ३२१ असेल तर म्हणणं वेगळं असतं: जमीन तुमची असेलही, पण बांधकाम परवानगीशिवाय झालंय. या दोन आरोपांची उत्तरं वेगवेगळी असतात. लोक मात्र बहुधा एकच ठरलेलं उत्तर देतात, "आम्ही गरीब आहोत, दया करा". दया मागायला हरकत नाही, पण त्याच कागदात मुद्द्याचं उत्तर नसेल तर फाइलवर तुमची बाजू कोरीच राहते.

"नदीची जमीन" म्हणजे नेमकी कुठपर्यंत?

खरं भांडण इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

भू-महसूल कायद्याच्या कलम ६७ प्रमाणे नद्या, ओढे, नाले आणि त्यांची पात्रं सरकारच्या मालकीची असतात. पात्रात कोणाचा उतारा नसतो. सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये हिमाचलातल्या बियास नदीकाठच्या हॉटेलच्या खटल्यात याच्या पुढे जाऊन सांगितलं की नदी ही सरकारचीही खाजगी मिळकत नाही. सरकार विश्वस्त आहे, ती जनतेसाठी सांभाळायची. तेव्हापासून नदीकाठच्या प्रत्येक खटल्यात हा निकाल पुढे येतो.

दुसरी गोष्ट आपल्याच उताऱ्यात दडलेली असते. उताऱ्यावर एकूण क्षेत्राखाली "फूट खराब" लिहिलेलं असतं, त्यात दोन प्रकार आहेत. "अ खराब" म्हणजे पिकाला नालायक जमीन, खडकाची वगैरे. "ब खराब" म्हणजे सार्वजनिक वापरासाठी राखलेली: रस्ता, पाणंद, ओढा, नाला, स्मशान. १९६६ च्या नियमांतला नियम २१ हा फरक करतो. समजा तुमच्या सर्व्हे नंबरात २ एकर १० गुंठे आहेत आणि ब खराब ६ गुंठे. ते ६ गुंठे तुमच्या बांधाच्या आत असले, तुमच्या आजोबांनी कसले असले, तरी तुमचे नाहीत. नाल्याकाठची कितीतरी घरं या ब खराबात उभी आहेत आणि मालकाला नोटीस येईपर्यंत त्याचा पत्ताही नसतो. विकणाऱ्याने एकूण क्षेत्र दाखवून विकलं, घेणाऱ्याने खराबाचा रकाना वाचला नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे नदी हलते. कृष्णेकाठी एका तीरावरची माती दुसऱ्या तीराला लागते. नकाशा जुन्या मोजणीचा आणि पाणी आजचं. म्हणून आज पाणी कुठे दिसतं यावर कोणाचीच बाजू ठरत नाही. टिपण (मोजणीचं मूळ रेखाटन), आकारबंद (सर्व्हे नंबरवार क्षेत्राची नोंद) आणि गावनकाशा काय म्हणतो ते आधी बघावं लागतं.

महाराष्ट्रात निळी रेषा, लाल रेषा असते. इकडे तसं काही आहे का?

सीमेवरचा हा ठरलेला प्रश्न, कारण आपले पाहुणे कोल्हापूर-सांगलीचे आणि त्यांच्याकडे ही भाषा रोजची. महाराष्ट्रात पाटबंधारे खातं पूररेषा आखतं. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई. पिंपरी-चिंचवडमध्ये चिखलीला इंद्रायणीच्या निळ्या रेषेत बांधलेले ३६ बंगले याच कारणाने मे २०२५ मध्ये पाडले. राष्ट्रीय हरित लवादाचा (पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाचा) आदेश २०२४ चा होता आणि सुप्रीम कोर्टातही तो टिकला. लोकांनी प्लॉट पैसे मोजून घेतले होते. त्यामुळे घर वाचलं नाही.

कर्नाटकाने पूरमैदानाचा स्वतंत्र कायदा केलेला नाही. केंद्राने १९७५ मध्ये राज्यांना नमुना विधेयक पाठवलं होतं, ते मणिपूर, राजस्थान अशा मोजक्याच राज्यांनी उचललं. त्यामुळे इकडे "निळी रेषा कुठे आहे" असं विचारून उत्तर मिळत नाही. विचारायचं ते असं: माझ्या गावाला किंवा शहराला लागू असलेल्या विकास आराखड्यात नदी-नाल्यापासून किती अंतर मोकळं सोडायला सांगितलंय? शहराजवळ असाल तर बुडाकडे (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाकडे), खेड्यात असाल तर पंचायतीकडे आणि नगररचना कार्यालयाकडे लेखी विचारा. बेंगळुरूच्या तलावांसाठी हरित लवादाने २०१६ मध्ये ७५ मीटरचं अंतर ठरवलं होतं. ते सुप्रीम कोर्टाने ५ मार्च २०१९ ला रद्द केलं. तरी तो ७५ मीटरचा आकडा अजून इथल्या चहाच्या टपरीवर फिरतो. त्यावर विसंबून घर पाडूही नका, बांधूही नका.

समुद्रकिनाऱ्याचे सीआरझेडचे नियमही इथे लावू नका. ते भरती-ओहोटीचं पाणी पोचतं तिथपर्यंतच्या खाड्या-नद्यांना लागतात. केरळात मरडूचे फ्लॅट जानेवारी २०२० मध्ये स्फोटकं लावून पाडले ते त्या नियमांखाली.

सुप्रीम कोर्टाने १५ दिवसांची नोटीस सक्तीची केली आहे ना? मग लगेच कसं पाडतील?

ज्यांनी हा निकाल अर्धाच ऐकलाय त्यांनी पुढचं नीट वाचावं.

१३ नोव्हेंबर २०२४ चा तो निकाल खरा आहे. कारणे दाखवा नोटीस दिल्याशिवाय आणि पंधरा दिवस थांबल्याशिवाय बांधकाम पाडायचं नाही, नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवायची आणि घरावरही लावायची, जिल्हाधिकाऱ्यांना ईमेलने कळवायचं, समक्ष सुनावणी द्यायची, अंतिम आदेशात पाडण्याशिवाय इलाज का नाही ते लिहायचं, त्यानंतर आणखी पंधरा दिवस थांबायचं, पाडताना व्हिडिओ काढायचा. न पाळल्यास अधिकाऱ्याने स्वतःच्या खिशातून भरपाई द्यायची.

पण त्याच निकालात लिहिलंय की रस्ता, गल्ली, फूटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा जलाशय अशा सार्वजनिक जागेतल्या अनधिकृत बांधकामाला हे निर्देश लागू नाहीत, आणि जिथे कोर्टानेच पाडण्याचा आदेश दिलाय तिथेही नाहीत. नदी हा शब्द त्या अपवादात स्पष्ट आहे. म्हणजे तुमचं घर खरोखर पात्रात असेल तर पंधरा दिवसांची ढाल तुमच्या हातात नाही.

याचा अर्थ रातोरात जेसीबी आणता येतो असाही होत नाही. भू-महसूल कायद्यात काढून टाकण्याची जी रीत आहे तीत आधी नोटीस आणि वाजवी मुदत आहेच. महानगरपालिकेच्या कलम ३२१ मध्येही आधी तात्पुरता आदेश, मग म्हणणं ऐकणं, मग तो कायम करणं अशी पायरी आहे. मुंबईच्या फूटपाथवरच्या लोकांच्या खटल्यात १९८५ मध्येच सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की अतिक्रमण असलं तरी न ऐकता हाकलायचं नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. अपवाद लागू होतो तो घर नदीत असेल तर. घर नदीत आहे की तुमच्या मालकी जमिनीत नदीशेजारी आहे, हे मोजणीशिवाय ठरत नाही. म्हणून सगळा खटला शेवटी एका दगडावर येऊन थांबतो, मोजणीच्या हद्दीच्या दगडावर.

मोजणी कशी मागायची?

तालुक्याच्या भूमापन कार्यालयात हद्द कायम करण्याचा अर्ज द्या, फी भरा, पावती जपा. सरकारने नोटिशीआधी मोजणी केली असेल तर तिचा नकाशा आणि पंचनामा मागा. तुम्हाला न कळवता मोजणी झाली असेल तर उत्तरात तसं लिहा आणि तुमच्यासमोर फेरमोजणी मागा. सर्व्हे नंबर आणि हद्दीचा अंदाज मोबाईलवर कर्नाटक सरकारच्या दिशांक ॲपमध्ये दिसतो. तो अंदाजच धरा, पुरावा नाही.

मार्कंडेयच्या काठावरच्या एका मोजणीला मी भाषांतरासाठी उभा होतो. सर्व्हेअरने टिपण उघडलं, गावच्या वेशीकडचा जुना दगड शोधला. तो घाणेरीच्या झुडपात अर्धा पुरला होता, दोघांनी कुदळीने मोकळा केला. तिथून मोजत आले तर रेषा एका घराच्या स्वयंपाकघरातून गेली. चुलीची बाजू मालकीत, न्हाणी नाल्यात. त्या बाईंनी काही विचारलं नाही, फक्त न्हाणीतली बादली उचलून आत आणली. पुढे त्या घराची मागची भिंत आणि न्हाणी काढली, पुढच्या दोन खोल्या राहिल्या. मोजणी झाली नसती तर नोटिशीत लिहिल्याप्रमाणे सगळंच घर गेलं असतं. म्हणून मोजणीला घाबरणाऱ्यांना मी हे घर आठवून सांगतो: तुमच्यावरच्या आरोपाचा आकार मोजणीने छोटाही होऊ शकतो.

चाळीस वर्षं राहतोय. घरपट्टी भरतो, हेस्कॉमचं वीजमीटर आहे, रेशनकार्ड आहे. हे चालणार नाही?

राहता हे सिद्ध करायला चालतं, मालकी सिद्ध करायला नाही. सरकारविरुद्ध कब्जाहक्काचा (लांबच्या कब्जावरून मालकीचा) दावा करायला मुदतीच्या कायद्यात तीस वर्षं आहेत आणि ती उघड, अखंड, मालक म्हणून असावी लागतात. सार्वजनिक पाण्याच्या जागेवर तर कोर्टं हा दावा सहसा मान्य करत नाहीत. २८ जानेवारी २०११ च्या पंजाबातल्या गावतळ्याच्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की किती वर्षं झाली आणि बांधायला किती खर्च झाला हे अशा अतिक्रमणाला कारण होऊ शकत नाही.

तरीही या पावत्या जपून ठेवा. पुनर्वसनाचा विषय येतो तेव्हा "हे कुटुंब इथे खरोखर राहत होतं" हे दाखवणारा दुसरा कागद नसतो. आणि माझं ठाम मत आहे की चाळीस वर्षं पट्टी घेणाऱ्यांनी चाळीस वर्षं डोळे झाकले, त्याचा जाब फक्त राहणाऱ्याला विचारणं अन्याय आहे.

जागा बाँडवर (स्टँपपेपरवरच्या करारावर) घेतली. रजिस्टर नाही. काय हक्क आहे?

विकणाऱ्याविरुद्ध आहे, जमिनीवर नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की वटमुखत्यार किंवा करारपत्राने मालकी जात नाही. इकडे शेतातले दोन-तीन गुंठे पाडून ३० बाय ४० चे प्लॉट बाँडवर विकायची जुनी खोड आहे, कारण बिनशेती नाही, ११-ई नकाशा (सर्व्हे नंबरचा तुकडा विकायला लागणारा मोजणीचा नकाशा) नाही, म्हणून रजिस्टर होत नाही. विकणारा "पुढे होईल" म्हणतो. पैसे दिल्याचा पुरावा असेल तर त्याच्यावर वसुलीचा दावा आणि फसवणुकीची तक्रार होऊ शकते. मुदत संपायच्या आत वकिलाला भेटा.

९४-सी मध्ये अर्ज टाकलाय, किंवा बी-खाता मिळालाय. आता पाडणार नाहीत ना?

भू-महसूल कायद्याचं ९४-सी हे कलम खेड्यातली आणि ९४-सीसी शहरी भागातली सरकारी जमिनीवरची राहती घरं नियमित करण्यासाठी आहे. नदी-नाल्याच्या जागेला त्याचा उपयोग होत नाही. बी-खाता हा कर भरायचा खाता आहे, बांधकाम कायदेशीर झाल्याचा दाखला नव्हे. पंचायतीचा ११-ब उताराही तसाच.

कोर्ट कोणतं? बेळगाव, धारवाड की बेंगळुरू?

आदेश कोणी दिला त्यावर. तहसीलदारांच्या आदेशावर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील, तिथून जिल्हाधिकाऱ्यांकडे. पहिल्या अपिलाला साठ दिवस आहेत, पण ते साठ दिवस जेसीबीला माहीत नसतात. अपील दाखल झालं म्हणजे आदेश थांबला असं होत नाही. स्थगितीचा अर्ज वेगळा, त्याच दिवशी द्या. महानगरपालिकेच्या कायम झालेल्या आदेशावर कर्नाटक अपिलीय न्यायाधिकरण आहे.

दिवाणी कोर्टात जायचं तर दोन अडचणी. सरकारवर दावा करण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस लागते. तातडी असेल तर कोर्टाची परवानगी घेऊन ती टाळता येते. आणि महसुली प्रश्नांत दिवाणी कोर्टाचा अधिकार कायद्यानेच आखडलेला आहे. सुनावणीच दिली नसेल तर रिट, आणि ती हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात, बेंगळुरूला जायची गरज नाही.

हरित लवादाबद्दल लोक हमखास चुकतात. पुण्यात लवाद आहे म्हणून पुण्याला निघतात. पुण्याचं खंडपीठ महाराष्ट्रासाठी, कर्नाटकाचं प्रकरण चेन्नईला चालतं. कोणी तुमच्या गावच्या नदीकाठाबद्दल तिथे अर्ज केला असेल तर तुम्हाला पक्षकार करून घ्यायला सांगा, नाहीतर तुमच्या घराचा निर्णय तुमच्याशिवाय होईल.

सीमाप्रश्न सुप्रीम कोर्टात आहे. तोवर कर्नाटकाला आमची घरं पाडता येतात का?

येतात. महाराष्ट्राचा २००४ चा दावा प्रलंबित असला तरी आज इथे कर्नाटकाचाच कायदा चालतो. हा मुद्दा घराच्या उत्तरात घालू नका, मूळ मुद्दा बाजूला पडतो. आपलं म्हणणं मांडायची जागा वेगळी आहे.

जुने कागद मात्र शोधा. १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी हा जिल्हा मुंबई राज्यात होता, त्या वेळचे मराठी उतारे आणि फेरफार कित्येक घरांत पेटीच्या तळाशी असतात, काही मोडीतही. मालकीच्या हद्दीसाठी ते पुरावा ठरतात. भाषांतर जोडा, मूळ कागद कोणाच्याही हातात सोडू नका.

नोटीस कन्नडमध्ये आहे, समजली नाही. हा बचाव होतो का?

एकट्याने नाही. पण घटनेच्या कलम ३५० प्रमाणे राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत तुम्ही गाऱ्हाणं देऊ शकता, म्हणजे उत्तर मराठीत देता येतं. सोबत कन्नड प्रत जोडा, कारण फाइल वाचणाऱ्याला ती लागते. पोचेचा शिक्का दोन्हींवर घ्या.

आम्ही खानापूर तालुक्यात, जंगलालगत. तेच नियम?

जमीन वन खात्याची असेल तर कर्नाटक वन कायद्याचं कलम ६४-अ येतं. पण १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून तिथे राहत असाल आणि वनहक्काचा दावा करायला पात्र असाल, तर २००६ च्या कायद्याप्रमाणे दाव्याची तपासणी पूर्ण होईपर्यंत हलवता येत नाही. दावा ग्रामसभेत दिल्याची पोच आहे का, ते आज बघा.

मोठ्या लोकांची हॉल-रिसॉर्टं तशीच, आमच्याच पत्र्यावर बुलडोझर का?

हा राग खोटा नाही. पण "त्याचं पाडलं नाही म्हणून माझंही नको" हे कोर्ट ऐकत नाही. त्यापेक्षा माहिती अधिकारात विचारा: त्या सर्व्हे नंबरात किती अतिक्रमणं नोंदवली, कोणाला नोटीस दिली, कोणावर कारवाई झाली. कर्नाटकात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांत बसवायचा, फी दहा रुपये. ती यादी पुढे आली की निवडक कारवाई कोणालाही दिसते.

आणि हेही लिहायलाच हवं. नाला अडला की पाणी वरच्या शेतात चढतं. बेळगावजवळच्या बळ्ळारी नाल्याच्या काठची भाताची शिवारं दरवर्षी बुडतात, ते शेतकरीही आपलेच. काठ मोकळा व्हायलाच पाहिजे. वाद तो कोणाच्या घरापासून आणि कोणत्या रीतीने मोकळा करायचा याचा आहे.

दुसरी जागा मिळते का?

हक्काने मागता येईल असा एक नियम नाही. भूमिहीन, बेघर म्हणून गृहनिर्माण योजनेत नाव लावून घ्या. पूरबाधित असाल तर पंचनाम्याचा वर्ग बघा. २०१९ मध्ये पूर्ण कोसळलेल्या घराला राज्याने पाच लाख जाहीर केले होते. कोर्टात घर वाचत नसेल तर वकिलाला "पर्यायी जागा मिळेपर्यंत मुदत" ही मागणी अर्जात घालायला सांगा. काही महिने मिळाले तरी पावसाळा निघतो.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

बायका, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, अपंग, पूरग्रस्त आणि मर्यादेच्या आत उत्पन्न असणारे यांना १९८७ च्या कायद्याप्रमाणे वकील फुकट मिळतो. जिल्हा कोर्टातल्या कायदा सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० वर फोन करा. घर बाईच्या नावावर असेल तर अर्ज तिच्याच नावाने द्या, उत्पन्नाचा प्रश्न येत नाही.

पाडायला आलेच तर?

अंगावर जाऊ नका, पोरांना पुढे करू नका. आदेशाची प्रत मागा, नंबर आणि तारीख लिहून घ्या. स्थगिती मिळाली असेल तर वकिलाचा फोन आणि प्रत दोन्ही हाताशी ठेवा. उतारे, आधार, शाळेचे दाखले, औषधं आणि देवघर आधी बाहेर काढा, गॅस बंद करा, मीटरचा फोटो घ्या. सगळ्याचं चित्रीकरण करा. पंचनाम्यावर सही मागतील. कोऱ्या कागदावर करू नका. मजकूर कन्नडमध्ये असेल आणि कळला नसेल तर सही करण्याआधी त्याच्या वर मराठीत लिहा: "मजकूर मला वाचून दाखवला नाही", आणि मग सही, तारीख, वेळ.